कोणालाही जमेल

आमच्या धावपट्टीवर पगार मिळवायच्या तीन पद्धती होत्या. साहेब बसून मिळवायचे, सफाईवाले उभे राहून, आणि माझा मामा झोपून. हा विनोद मामीचा. घरी कोणी आलं की ती तो करायचीच, आणि आलेली माणसं हसली की तोंड फिरवून म्हणायची, "माझं काय जातंय, पाठ त्यांची आहे." मामी ज्या गोष्टीला 'माझं काय जातंय' म्हणते, ती गोष्ट तिला आतून खात असते, हे आमच्या घरात भिंतींनाही ठाऊक आहे.

मामा खरंच झोपून काम करायचा. इथे विमान चालवायला शिकवणारी एक शाळा आहे. तिची ही धावपट्टी, आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना मिळून दीडशे एकर गवत. गवत वाढलं की त्यात किडे, किड्यांमागे पक्षी, आणि पक्ष्यांमागे चौकशी समिती. म्हणून गवत घोट्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. ते ट्रॅक्टरच्या मागे मोवर जोडून कापतात. मोवर म्हणजे पलंगाएवढं लोखंडी झाकण, खाली चाकं, आणि झाकणाच्या पोटात गरगर फिरणारी तीन पाती. लोकांना दिसतं ते झाकण. पाती बघायची तर खाली सरपटावं लागतं. मामा तेवीस वर्षं सरपटला. जॅक लावायचा, चारी कोपऱ्यांना लाकडाचे टेकू द्यायचे, मग उताणं आत शिरायचं आणि नाकापासून वीतभर अंतरावरचा बोल्ट सोडवायचा. वाळलेलं गवत डोळ्यांत, ग्रीस कानात. पाती बाहेर आली की पत्र्याच्या खोलीत न्यायची. ती खोली मामाचीच म्हणायची. त्याला तिथे सगळे 'धारवाले' म्हणायचे. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणालातरी आठवायचं.

खोलीत ग्राइंडर होता, कानशी होत्या आणि भिंतीत एक खिळा होता. धार लावून झाली की मामा पातं मधल्या भोकाने त्या खिळ्यावर अडकवायचा. एक बाजू हळूच खाली झुकायची. जी झुकली ती जड. तिला कानस मारायची, परत अडकवायचं, परत मारायची. पातं आडवं करून सोडलं आणि ते तसंच आडवं थांबलं, की मामा त्याच्यावर फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "जा." जणू शाळेत पाठवतोय. ग्राइंडरवर मात्र तो कोणालाच हात लावू द्यायचा नाही. "घाई केली की पातं तापतं, तापलं की निळं पडतं, आणि निळं पडलं की मेलं. मग त्याला दिवसातून दोनदा धार लावा, त्याला काही आठवत नाही."

मी माझ्या शाळेसाठी मामाकडे, धावपट्टीच्या कामगार वसाहतीत राहते. संध्याकाळी आमचा एक खेळ चालायचा. मी मोवरचा आवाज काढायचे आणि मामाने पातं ओळखायचं. धारेचं पातं 'स्स्स्स' करून जातं, साडीवर इस्त्री फिरावी तसं. बोथट पातं गवत कापत नाही, थोबाडतं, 'फटफटफट'. उलटं बसलेलं पातं तर नुसतं घोरतं. मी तोंडाने घोरले की मामा ताटावरून मान वर न करता म्हणायचा, "डाव्या बाजूचं. आणि उलटं बसवलंय कोणीतरी गाढवाने."

"तूच बसवलंयस, मामा."

"मग गाढवाला सांग, जेवण झाल्यावर सरळ करतो."

मामी म्हणायची, "ए साळुंकी, जेव आधी. एक घोरणारा पुरे आहे या घरात."

मामाच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती तेव्हा जुन्या मोवरचं झाकण गंजून फाटलं आणि मामाची पाठही गेली, डॉक्टरांच्या शब्दांत, 'त्याच सुमारास'. सकाळी चपला घालायला त्याला भिंत धरावी लागायची. मोजे मामी चढवायची, आणि चढवताना म्हणायची, "माझं काय जातंय." त्यामुळे नवा मोवर येणार असं कळलं, तेव्हा आमच्या घरात जणू लग्न ठरलं. मामाला एकच गोष्ट हवी होती: उरलेली चार वर्षं उभ्याने काम करायचं. त्याच खोलीत, त्याच खिळ्यापाशी, पण उभ्याने.

विकणारा माणूस दोन यंत्रं घेऊन आला, एक लाल, एक पिवळं. रविवार होता, म्हणून मीही गेले. त्या माणसाचे केस, बूट आणि बोलणं, तिन्हींना एकच तेल लावलेलं होतं. प्रत्येक खोट्याआधी तो म्हणायचा, "सर, मी तुम्हाला खरं सांगू का?" साहेब सावलीत खुर्चीवर. ट्रॅक्टरवर त्याचा ड्रायव्हर, आमचा भोंगा. पंधरा वर्षं इंजिनाशेजारी बसून त्याचे कान गेलेत, त्यामुळे तो कुजबुजला तरी पलीकडच्या विमानातला शिकाऊ दचकतो.

लाल यंत्र हातभर जास्त रुंद होतं. भोंग्याने एक पट्टा कापून दाखवला. साहेब खूश. "म्हणजे काय आहे ना, फेऱ्या कमी होतील," ते म्हणाले. साहेबांचं प्रत्येक वाक्य 'काय आहे ना'ने सुरू होतं, आणि संपेपर्यंत काय आहे ते कळत नाही.

मामाने कापलेल्या गवताकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने विचारलं, "पातं कसं काढायचं?"

"काढायची वेळच येणार नाही," तेलकट म्हणाला. "या मशीनला देखभाल जवळजवळ नाहीच."

"आली वेळ तर?"

"सर, मी तुम्हाला खरं सांगू का? आमच्या एकाही गिऱ्हाइकावर अजून ती वेळ आलेली नाही."

"किती गिऱ्हाइकं आहेत?"

"या भागात... तुम्ही पहिलेच."

भोंगा हसला ते पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मामा मात्र स्वच्छ शर्टानिशी खाली बसला, मग आडवा झाला आणि त्या लाल झाकणाखाली शिरला. "धारवाले!" भोंगा ओरडला, "झोपायला घरी जागा नाही होय?" मामा पाच मिनिटांनी बाहेर आला. अंगठा आणि तर्जनी यांच्यात जेमतेम बोटभर फट धरून त्याने साहेबांना दाखवली. "पाना एका वेळी एवढाच फिरतो. पुढे झाकणाची पट्टी आडवी येते. एका बोल्टला अर्धा तास, तोही झोपून."

"पण रुंद आहे," साहेब म्हणाले.

मग पिवळं. त्याला बाजूला एक दांडी होती. ती ओढली की अख्खं यंत्र एका कडेवर उभं राहायचं, कपाटाचं दार उघडावं तसं, आणि तिन्ही पाती समोर, छातीच्या उंचीवर. मामा त्याच्यासमोर उभा राहिला. नुसता उभा राहिला. दोन्ही हात कमरेवर, मान सरळ. यंत्रात बसलेल्या पात्यांना तो तेवीस वर्षांत पहिल्यांदा उभ्याने भेटत होता.

यंत्राच्या अंगालाच एक चामडी पिशवी होती, तिच्यात पाना. मामाने डावं पातं काढलं आणि परत बसवलं. मग मधलं. ते हलेना. तेलकट म्हणाला, "जोर लावा, सर, नवीन आहे." मामाने जोर लावला नाही. त्याने पात्याच्या धारेवरून बोट फिरवलं, मान तिरकी करून बघितलं आणि एकदम हसला. "हे दुसऱ्यांच्या उलट फिरतं. म्हणजे बोल्टही उलटा असणार." पाना उजवीकडे फिरवला. सगळं जग ज्या बाजूला घट्ट होतं, त्या बाजूला तो बोल्ट लोण्यासारखा सुटला. "उलटे आटे," मामा म्हणाला, आणि तेलकटाकडे वळून, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"सर, मी तुम्हाला खरं सांगू का..." तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला, "नाही."

साहेब उठले. "काय आहे ना, आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंबात सगळ्यांचं मत घेतात. धारवाले, तुमचं मत लेखी द्या."

त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाचं कार्यालय झालं. मामाचं अक्षर म्हणजे कानशीने लिहिल्यासारखं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मामी कोणाच्यातरी पॅंटला चेन बसवत होती. ती शिवणकामाच्या दुकानात असते आणि उरलेलं काम घरी आणते. मामा येरझाऱ्या घालत सांगत होता. तो बोलतो त्यात पूर्णविराम नसतो, त्यामुळे मीच ठिकठिकाणी घालत होते. 'पिवळ्या यंत्राचे बोथट पाते काढून धारेचे बसवण्यास एक माणूस, एक पाना व दहा मिनिटे पुरतात,' असं वाक्य जमलं तेव्हा मला माझीच पाठ थोपटावीशी वाटली.

"आता लिही," मामा म्हणाला, "मधल्या पात्याचा बोल्ट उलट्या आट्यांचा आहे, तो सोडवायला उजवीकडे आणि घट्ट करायला डावीकडे, हे ज्याला ठाऊक नाही तो घट्ट करतोय समजून सैल करून ठेवेल, तेवढं ध्यानात ठेवलं पाहिजे."

मी लिहिलं. वाचून पाहिलं. गुळगुळीत रस्त्यावर मधेच ढेकूळ पडल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "मामा, हे कशाला? साहेब म्हणतील पिवळ्यात खोट आहे. मग लाल घेतील."

मामा थांबला. लाल म्हटलं की त्याचा हात आपोआप कमरेवर जायचा. "मग?"

मी ते वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं, 'हे काम कोणालाही जमेल.' मोठ्याने वाचून दाखवलं, साहेबांच्या आवाजात: "काय आहे ना, कोणालाही जमेल!" मामा हसला. "खरंच आहे की. ठेव."

मामीने तोंडातली टाचणी काढली. "माझं काय जातंय. पण आपलं काम सोपं आहे असं लेखी कोणी देतं का? ही चेन बसवायला मला पाच मिनिटं लागतात. मी गिऱ्हाइकाला सांगते, परवा या."

"सोपं आहे ते अवघड कसं लिहू?"

"अहो, सोपं त्या मशीनमुळे झालंय की तुमच्यामुळे, हे साहेबांना कसं कळणार?"

"अगं, तेवीस वर्षं बघतायत ते."

"खुर्चीवरून," मामी म्हणाली, आणि टाचणी परत दातांत धरली. मामाने सही केली.

पिवळं यंत्र आलं. तो दीड महिना मी मामाला गुणगुणताना ऐकलं. सूर नव्हता, पण गुणगुणणं होतं. तो शिट्टी मारत खोलीत जायचा, उभ्याने पाती काढायचा, उभ्याने धार लावायचा, खिळ्यावर तोलायचा, फुंकर मारायचा, "जा." मधल्या बोल्टवर त्याने लाल रंगाचा ठिपका दिला आणि खिळ्याशेजारी भिंतीवर खडूने लिहिलं, 'मधलं उलटं'. स्वतःला ठाऊक असलेलं भिंतीला कशाला सांगतोस, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मी आजारी पडलो तर? भोंग्याला वाचता येतं, ऐकता येत नाही." एका सकाळी त्याने मोजे स्वतः चढवले. मामी दारात उभी होती. ती काही म्हणाली नाही. 'माझं काय जातंय'सुद्धा नाही.

मग पत्र आलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शब्द माझाच होता आणि मार मामाला. 'आपण स्वतः सादर केलेल्या अभिप्रायानुसार सदर काम कोणालाही जमण्याजोगे असल्याने त्यासाठी स्वतंत्र पदाची आवश्यकता उरलेली नाही.' माझं वाक्य साहेबांचा शर्ट घालून परत आलं होतं. मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा मामाने कागद हातातून काढून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

साहेबांकडे काय झालं ते मामाने तीन शब्दांत सांगितलं: "बोललो. नाही म्हणाले." बाकीचं भोंग्याने सांगितलं, म्हणजे अख्ख्या वसाहतीने ऐकलं. तो दाराबाहेर उभा होता, आणि साहेबांनी त्याच्यामुळे मोठ्याने बोलायची सवय लावून घेतली आहे.

"काय आहे ना, धारवाले, आम्ही तुमच्या पाठीचाच विचार केला. फाटकावर जागा आहे. बसून काम. बटण दाबलं की बॅरियर वर, बटण दाबलं की खाली."

"मला बसून नको होतं, साहेब. उभ्याने हवं होतं."

"अहो, लोक बसायला तरसतात!"

"आणि पाती?"

"एजन्सीचा माणूस येईल. धार बाहेरून लावून आणू. बसवायचं तर तुम्हीच लिहिलंय ना... थांबा, छान लिहिलंय... एक माणूस, एक पाना, दहा मिनिटं."

"तोलायचं कोण?"

"काय तोलायचं?" साहेबांनी विचारलं.

पत्र्याच्या खोलीत समारंभाच्या खुर्च्या ठेवायचं ठरलं. तिला चुना फासला. भिंतीवरचं 'मधलं उलटं' त्याखाली गेलं. खिळा खुर्च्यांना अडकायला लागला, म्हणून उपटला. मामाने तो मागून आणला आणि घरी खिडकीत ठेवला. मामी धूळ पुसताना तो उचलते, पुसते आणि तिथेच ठेवते.

एजन्सीचा माणूस दर आठवड्याला वेगळा यायचा. एक जण पाना उलटा धरायचा, एक फोनवर बोलत पाती बसवायचा, एकाने तर विचारलं, पाती बदलायची म्हणजे विमानाची का? भोंग्याने त्या सगळ्यांचं मिळून एकच नाव ठेवलं: कोणीही. मग रोज सकाळी फाटकावर मामा विचारायचा, "आज कोण आलाय?" आणि भोंगा ट्रॅक्टरवरून ओरडायचा, "कोणीही आला नाही!" दुसऱ्या दिवशी, "आज कोणीही आलाय!" वसाहतीतली पोरं हसायची. मीही हसायचे, आणि मग हसणं आटोपतं घ्यायचे, कारण ते नाव मी ठेवलं होतं, भोंग्याने नव्हे.

फाटकावर मामाला पाच बाय पाचची काचेची खोली मिळाली. खुर्ची, बटण, पंखा. काच असली तरी गवतावरचा आवाज आत यायचा. घरी आमचा खेळ बंद झाला होता. मी एकदा घोरून पाहिलं, पण मामा भात कालवत राहिला. काही न ओळखता.

लाल ठिपका एव्हाना गवताच्या चिकाने हिरवा झाला होता. आणि एका सोमवारी जो कोणीही आला, त्याने मधलं पातं बदलताना बोल्ट सुटेना म्हणून हातोडीने ठोकला, कसाबसा काढला, आणि बसवताना जगाच्या रीतीने उजवीकडे फिरवला. घट्ट करतोय समजून सैल करत गेला, शेवटी बोल्ट एक-दोन आट्यांवर अडकून राहिला, आणि हा हात पुसून गेला. हे नंतर कळलं. मामाला मात्र मंगळवारी सकाळीच कळलं, काचेतून, कानाने. साहेबांची गाडी फाटकात आली तेव्हा तो तिच्या खिडकीपाशी गेला.

"साहेब, मधलं पातं सैल आहे. ट्रॅक्टर थांबवा."

"तुम्ही बघितलंत?"

"ऐकलं."

साहेबांनी काच अर्धी वर घेतली. "काय आहे ना, आता तुमचा विभाग वेगळा. लेखी द्या."

मामाला लेखी द्यायला मी लागते, आणि मी शाळेत होते.

दुपारी शाळेची बस आम्हाला फाटकाबाहेर सोडते. आम्ही वीस-पंचवीस जण, लहान-मोठे, दप्तरं घेऊन आत जायला उभे होतो. समोरून भोंगा ट्रॅक्टर घेऊन येत होता. पट्टीची उत्तरेकडची बाजू संपवून दक्षिणेकडे जायचं तर याच फाटकातून बाहेर पडून रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. रस्त्यावर येताना पाती बंद करायची असा नियम आहे. भोंग्याचं म्हणणं, बंद-चालू बंद-चालू कोण करत बसेल. पिवळं झाकण जरा वर उचललेलं, खाली पाती फिरतायत, आणि त्या घरघरीत एक 'टक्'. मग दोन क्षण काही नाही. मग 'टक्, टक्'. मी तेवीस वर्षं झोपलेली नाही कशाखाली, तरी मीही पातं ओळखलं.

बॅरियर वर जाईना. भोंग्याने हॉर्न दिला. मामा काचेच्या खोलीतून बाहेर आला. एका हाताने आम्हाला मागे ढकलल्यासारखं केलं आणि बॅरियरखालून वाकून, हो, वाकून, पलीकडे गेला.

"बंद कर!"

"काय?" भोंगा ओरडला.

"पाती! बंद कर!"

"चालूच आहेत की!"

मामा ट्रॅक्टरच्या चाकासमोर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात कमरेवर. भोंग्याला ऐकू येत नाही, पण दिसतं. त्याने पाती बंद केली, मग इंजिन. मागे गाड्या लागत होत्या, पुढे आम्ही. मामाने दांडी ओढून यंत्र कडेवर उभं केलं, मधल्या बोल्टला हात लावला, आणि तो दोन बोटांत फिरला. दोन बोटांत. बरणीचं झाकण फिरावं तसा. तो गळून मामाच्या तळव्यात पडला. मामाने तो तळवा भोंग्याला दाखवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा भोंगा हळू बोलला. इतकं हळू की मला ऐकू आलं नाही.

मामाने पिशवीतून पाना काढला. ठोकलेला बोल्ट सदऱ्याला पुसला, आटे नखाने साफ केले, पातं बसवलं, बोल्ट डावीकडे फिरवला. शेवटच्या पिळाला पाना निसटून त्याच्या अंगठ्याचं साल निघालं. गाड्या हॉर्न मारत होत्या. तिसऱ्या गाडीत साहेब होते. ते उतरले, म्हणाले, "बॅरियर उघडा."

"झालं," मामा म्हणाला. आणि पात्यावर फुंकर मारली.

दोन दिवसांनी नोटीस. 'मंगळवारी दुपारी तीन दहा ते तीन वीस या वेळेत बॅरियर विनाकारण बंद ठेवल्याबद्दल व आपल्या विभागाबाहेरील यंत्रास हात लावल्याबद्दल लेखी खुलासा करावा.' मी मनात हिशेब केला. बरोबर दहा मिनिटं. एक माणूस, एक पाना.

परत ते टेबल, परत मामी दुसऱ्या टोकाला, अंगठ्याला पट्टी बांधलेला मामा उभा. मी कागद पुढ्यात घेतला. माझ्या डोक्यात अख्खा खुलासा तयार होता: पंचवीस मुलं, सुटणारं पातं, सकाळचा 'लेखी द्या', सगळं. साहेबांचं तोंड काळं होईल असा.

"लिही," मामा म्हणाला. "मधल्या पात्याचा बोल्ट उलट्या आट्यांचा आहे."

मी लिहिलं. "पुढे?"

"पुढे काय? सही."

"मामा, असं नाही चालत. मुलं होती ते लिहूया ना. मी छान लिहिते, बघ."

"तू छानच लिहितेस," मामा म्हणाला. रागावून नाही. रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. "म्हणूनच तेवढं एकच लिही."

मामीची सुई थांबली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, मामाकडेही नाही. खिडकीतल्या खिळ्याकडे बघत होती. मी पेन खाली ठेवलं. मामाने त्या एका ओळीखाली कानशीने मारल्यासारखी सही केली.

उत्तर आलं: 'खुलासा असमाधानकारक. विषयाशी संबंध नाही.' सोबत भोंग्याला आदेश, की अनधिकृत माणसांनी वापरू नये म्हणून पाना यापुढे कार्यालयात जमा राहील. तो आता साहेबांच्या कपाटात आहे, कुलुपात. किल्ली साहेबांकडे. पाती बदलायला आता एक माणूस, एक पाना, दहा मिनिटं आणि एक अर्ज लागतो. अर्ज कोणी करत नाही. कोणीही येतो, कुलूप बघतो आणि चहा पिऊन जातो.

मामाने घट्ट केलेलं मधलं पातं निदान सुटणार नाही. पण तिन्ही पाती तीच आहेत, गवत शेंड्याला फाटून तपकिरी पडलंय, आणि आवाज वसाहतीत घरोघरी येतो. काल जेवताना, मामाला हसवावं म्हणून, मी तो आवाज काढला. फटफटफट. अगदी हुबेहूब. मामी म्हणाली, "साळुंकी, जेव."

मामाने मान वर केली, ऐकलं, आणि म्हणाला, "हो, असाच."

कुठलं पातं, ते त्याने सांगितलं नाही.